फाटकाजवळचं हॉटेल, १:८७ मध्ये: सुरुवात भट्टीपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परभणीच्या घरात सहा बाय तीन फुटांचा एचओ लेआउट आहे, म्हणजे १:८७ प्रमाणातली मॉडेल रेल्वे. काळ १९८५ च्या आसपासचा, म्हणजे मीटरगेजच्या दिवसांतला मराठवाडा. स्टेशन झालंय, मालधक्का झालाय, आता बाहेर खाण्यापिण्याचं एक ठिकाण हवंय. बाजारात मिळणारी रेस्टॉरंटची किटं अमेरिकन नाहीतर जर्मन. त्यातलं एक आणून रंग बदलला, पाटी मराठी लावली, तरी ते आपलं वाटत नाही. मग सगळं हाताने कापून-चिकटवून करायचं ठरवलं, तर मापं कुठून घ्यायची, पत्रे कशाचे करायचे, दिवे कसे लावायचे आणि ते आपल्याकडचं नक्की कशामुळे वाटेल?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. किटातलं रेस्टॉरंट ही बंद इमारत असते. चार भिंती, काचेच्या खिडक्या, एक दार, आणि जे काय चालतं ते आत. आपल्याकडे हॉटेल म्हटलं की चहा-भज्यांचं, पुढून सताड उघडं. भट्टी रस्त्याच्या तोंडावर, तिच्यावर कढई, बाजूला गल्ला, मागे बाकडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला तळणाचा वास लागला पाहिजे आणि मालकाला बसल्या जागेवरून रस्ता, भट्टी आणि पैसे तिन्ही दिसले पाहिजेत, म्हणून ही मांडणी. पुढची भिंतच नसलेल्या इमारतीची ओळख भिंतींनी कशी होणार? म्हणून माझा सल्ला असा की कागदावर पहिली खूण भट्टीची करा. धूर कुठे जाईल, लाकडं कुठे रचतील, पाण्याचं पिंप कुठे ठेवतील, भांडी कुठे घासतील, सांडपाणी कुठे वाहील, काळं काय होईल आणि हिरवं काय होईल, हे सगळं त्या एका खुणेवरून ठरतं. भिंती त्याभोवती उभ्या करायच्या.

पण त्याआधी लेआउटवरची जागा. तुम्ही लिहिलंय की हॉटेल स्टेशनासमोर रस्त्यापलीकडे ठेवायचा विचार आहे. तिथे ठेवू नका. तुमचे रूळ टेबलाच्या पुढच्या कडेला आहेत, त्यामागे स्टेशन आणि स्टेशनामागे रस्ता. रस्त्यापलीकडचं हॉटेल स्टेशनाच्या इमारतीआड जाणार आणि बघणाऱ्याला फक्त त्याचं छप्पर दिसणार. डाव्या टोकाला तुमचं फाटक आहे, तिथली जागा मोकळी आहे. फाटक पडलं की ट्रक, बैलगाड्या, एसटी सगळं थांबतं. तिथे चहाचं हॉटेल नाही असं फाटक मराठवाड्यात शोधावं लागेल. हॉटेल रुळांना समांतर न ठेवता वीस-पंचवीस अंश बघणाऱ्याकडे वळवा. भट्टी, गल्ला आणि आतली बाकडी एका नजरेत येतील, आणि टेबलाच्या कडेशी समांतर रेषांची गर्दीही मोडेल.

प्रमाणाचं पटकन सांगतो. १:८७ म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. हा आकडा पाठ झाला की कॅल्क्युलेटर लागत नाही. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटर, अडीच फुटी टेबल पावणेनऊ, साडेपाच फुटी माणूस एकोणीसच्या थोडा वर. तुमचे रूळ १६.५ मि.मी. गेजचे (दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे खऱ्या जगातले १४३५ मि.मी. आपलं मीटरगेज या प्रमाणात साडेअकरा मि.मी. येतं आणि ब्रॉडगेज सव्वाएकोणीस. दोन्हीशी तुमचा रूळ जुळत नाही, पण इमारतीला त्याचा काही फरक पडत नाही, त्यामुळे तो विषय इथे सोडतो. फक्त ब्रिटिश बनावटीच्या ‘ओओ’ गोष्टी आणताना सांभाळा. त्या १:७६ च्या असतात. त्यातला साडेपाच फुटी माणूस बावीस मि.मी. भरतो आणि तुमच्या दारात शिरताना चौकटीला टेकल्यासारखा दिसतो.

(जाता जाता: कधी लातूर-येडशीकडची बार्शी लाईट, म्हणजे जुनी नॅरोगेज रेल्वे, करावीशी वाटली, तर तिचं ७६२ मि.मी.चं गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मि.मी. येतं. ‘एन’ या आणखी लहान स्केलचा ९ मि.मी.चा रूळ तिथे जवळपास चपखल बसतो. स्लीपर मात्र फार जवळजवळ असतात, ते खडीत गाडावे लागतात. इमारती याच मापाच्या, म्हणजे हे हॉटेल तिथेही चालेल.)

मापं कुठून? खऱ्या हॉटेलात जाऊन. दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी नसते. चहा घ्या, मालकाला सरळ सांगा की तुमच्या हॉटेलाचा छोटा नमुना करायचाय. टेप लावायला कुणी नाही म्हणत नाही, उलट मदतीला पोरगा देतात. सगळं मोजायची गरज नसते. दर्शनी रुंदी, खोली, पुढच्या पत्र्याची उंची, मागच्या भिंतीची उंची, भट्टी आणि गल्ला एवढं मोजा. बाकीचं फोटोतून निघतं. एका फुटी पट्टीवर काळे-पांढरे पट्टे रंगवून ती भिंतीला टेकवा आणि अगदी समोरून, कॅमेरा सरळ धरून फोटो घ्या. जिथे टेप पोचत नाही तिथे पत्रे मोजा. नाळीदार पत्रा एकावर एक चढवल्यावर त्याची दिसणारी रुंदी साधारण दोन फूट उरते. दहा पत्रे दिसले की छप्पर वीस फुटांचं, डोळे झाकून.

तुमच्यासाठी मी असा आराखडा धरतो. दर्शनी वीस फूट, म्हणजे ७० मि.मी. मागे जुनी काळ्या दगडाची खोली, बारा फूट खोल, वर माळवद. पुढे नंतर काढलेली पत्र्याची पडवी, तीही बारा फूट. एकूण खोली ८४ मि.मी. मागची खोली कोठीची आणि रात्री झोपायची, धंदा सगळा पडवीत. हे दोन भाग दोन वेगळ्या काळांतले आहेत, हे मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे. आपल्याकडची ही रेल्वे निजामाच्या राज्यात, १९०० च्या सुमाराला आली. जुन्या स्टेशनांच्या आसपास त्या वेळच्या दगडी भिंती अजून दिसतात आणि त्यांना टेकवून पुढे पत्रे वाढत गेलेले असतात. मॉडेल करतानाही तोच क्रम धरा: आधी दगडी खोली पूर्ण, रंगासकट, मग तिला पडवी लावा. एकदम सगळं उभं करून रंगवलं तर सगळं एका दिवसात बांधल्यासारखं दिसतं.

चांगल्या सामानाला हात लावण्याआधी जुन्या लग्नपत्रिकांचा कच्चा सांगाडा करा. कात्रीने कापा, टेपने जोडा, जागेवर ठेवा आणि दोन-चार दिवस येता-जाता बघा. दहातल्या आठ वेळा उंची कमी करावीशी वाटते. छोट्या लेआउटवर इमारत अर्धा फूट बुटकी चालते, पण उंच झाली की गाडीलाच खाऊन टाकते.

भिंतींसाठी ३ मि.मी.चा सनबोर्ड घ्या. पाट्या आणि फ्लेक्स करणाऱ्यांच्या दुकानात कात्रणं पडलेली असतात, बऱ्याचदा फुकट मिळतात. घेताना बघा, दोन प्रकार असतात. एकाला दोन्ही बाजूंनी कागद असतो आणि मध्ये फोम. दुसरा सगळा एकजीव पीव्हीसीचा. दगडी भिंतीला दुसराच हवा, कारण त्यावर दाबून खूण उमटते. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलने दगडांच्या फटी दाबत जा. दगड साधारण फूटभर लांब नि आठ इंच उंच, म्हणजे साडेतीन बाय सव्वादोन मि.मी. कोपऱ्यावरचे दगड मोठे आणि जास्त घडीव, एक थर आडवा, पुढचा उभा. उभ्या फटी एकावर एक येऊ देऊ नका. दाराच्या वर एक लांब दगडी पट्टी किंवा लाकडी तुळई द्या, नाहीतर भिंत हवेत तरंगते. या पीव्हीसीच्या सनबोर्डला फेव्हिक्विक चालतं. थर्मोकोलला मात्र फेव्हिक्विक आणि स्प्रेचा रंग दोन्ही लावू नका, ते वितळतं.

दगडाचा रंग ‘काळा’ म्हणतात म्हणून काळा देऊ नका. बेसाल्ट उन्हात राखाडी दिसतो, जुना झाला की त्यावर तपकिरी छटा येते. आधी मध्यम राखाडी सगळीकडे, मग पाच-सहा दगडांमागे एक निळसर, एक तपकिरी. वाळल्यावर पाण्यासारखा पातळ पांढुरका रंग वरून फिरवा आणि ओल्या चिंधीने लगेच पुसा. फटींत राहील तो चुना. शुद्ध काळा रंग या प्रमाणात वरून दिसेल असा कुठेच वापरू नका, धुराला सुद्धा. तिथे प्रकाश परतत नाही आणि भोक पडल्यासारखं वाटतं.

टेबलावरच्या लेआउटकडे आपण वरून बघतो, म्हणून सगळ्यात जास्त दिसतं ते छप्पर. माळवद सपाट असतं, त्याला जेमतेम अर्ध्या फुटाची कड. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेरून भिंतीच्या वरच्या अंगाला तुळयांची टोकं डोकावतात. काडेपेटीच्या काडीची जाडी दोन मि.मी.च्या आसपास, म्हणजे खऱ्यात सात इंच, तुळईला अगदी बरोबर. मातीचा थर मात्र रंगाचा करू नका. फेव्हिकॉल लावून त्यावर चाळलेली पांढरी माती पेरा. एका बाजूला किंचित उतार द्या आणि उताराच्या टोकाला पन्हळ बाहेर काढा. पन्हळीखालच्या भिंतीवर पाण्याचा ओघळ दाखवा, वर फिका, खाली पसरट आणि गडद.

आता पत्रे. ही विचारणा मला सगळ्यात जास्त वेळा होते, म्हणून नीट सांगतो. खऱ्या लोखंडी पत्र्याच्या दोन नाळींमधलं अंतर तीन इंच, १:८७ मध्ये ०.८८ मि.मी. सिमेंटच्या पत्र्याची नाळ मोठी, १४६ मि.मी., म्हणजे इथे १.६८. बाजारातलं तयार नाळीदार कार्ड या मापात क्वचितच बसतं, बहुतेक वेळा नाळ दुप्पट मोठी असते आणि हॉटेल एकदम खेळण्यातलं दिसायला लागतं. उपाय हार्डवेअरच्या दुकानात आहे. आटे पाडलेला पूर्ण रॉड मिळतो, त्यातला एम-५, म्हणजे पाच मि.मी. जाडीचा, घ्या. त्याच्या दोन आट्यांतलं अंतर ०.८ मि.मी. असतं. सिमेंटच्या पत्र्यासाठी एम-१२, त्याचं १.७५. दोन्ही आपल्या मापाच्या इतके जवळ आहेत की फरक कुणाला कळणार नाही.

पत्र्याला ॲल्युमिनियम लागेल. घरातली स्वयंपाकाची फॉइल फार पातळ, बोट लागलं की चेपते. हॉटेलातून भाजी ज्या चांदीरंगी डब्यात पार्सल येते त्याचा तळ घ्या. साबणाने तेलकटपणा घालवा, चमच्याच्या पाठीने घासून सपाट करा. खाली जुना माउसपॅड किंवा वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, वर पत्रा, आणि रॉड दोन्ही तळव्यांनी दाबून पोळी लाटल्यासारखा पुढे न्या. घासत नेऊ नका, तो फिरला पाहिजे. एकाच वाटेने परत आणायचा मोहही टाळा, दुसऱ्या फेरीत आटे जुन्या नाळीत बसले नाहीत तर दुहेरी रेघा उमटतात. जोर एकाच फेरीत लावा.

इथे एक बारकावा आहे. रॉडचे आटे सरळ वर्तुळं नसतात, ते चढत जातात. त्यामुळे नाळी लाटण्याच्या दिशेशी साधारण तीन अंशांनी तिरक्या येतात. पत्रा डब्याच्या कडेला समांतर कापलात तर नाळी छपरावर तिरप्या पळतील. पोलादी पट्टी नाळीवर ठेवा आणि नाळीच्या रेषेतच कापा. आडवा काप गुण्याने काटकोनात.

आठ फुटी पत्रा धरला तर एक तुकडा २८ मि.मी. लांब नि साडेसात रुंद. पडवी बारा फुटांची, म्हणून दोन रांगा येतील आणि वरची रांग खालच्या रांगेवर चढेल. खालची रांग आधी लावा, वरची नंतर, म्हणजे पाणी खऱ्यासारखं बाहेर जाईल. एक सलग मोठा तुकडा लावून त्यावर रेघा मारू नका. प्रत्येक पत्रा सुटा कापून, शेजारच्यावर एक नाळ चढवून लावला की एखादा अर्धा मिलिमीटर पुढे, एखादा मागे जातो, आणि तीच खरी शोभा. चिकटवायला रबरी ॲडहेसिव्ह चांगलं. खिळे नाळीच्या उंचवट्यावर असतात, खोलगट भागात नाही, नाहीतर पाणी गळेल. लावण्याआधी प्रत्येक पत्रा उलटा करून, आता खोलगट दिसणाऱ्या नाळीत (सुलट्या बाजूने तोच उंचवटा) सुईच्या टोकाने हलकी टिकली द्या, सुलट्या बाजूला खिळ्याचं डोकं उठतं. पडवीचे खांब अगरबत्तीच्या उरलेल्या काड्यांचे. त्या सव्वा ते दीड मि.मी. जाड भरतात, खऱ्यात साडेचार-पाच इंची बल्ली.

रंग देताना आधी धातूला धरणारा प्रायमर, मग फिका राखाडी. गंज सगळीकडे शिंपडू नका. पत्रा जिथे पत्र्यावर चढतो तिथे पाणी अडकतं, तिथे गंज. खिळ्याभोवती गंज. खालच्या कडेला गंज. बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर हे दोन रंग पुरतात. एखाद-दुसरा पत्रा अगदी नवा, चकचकीत ठेवा. दरवर्षी वळवाच्या वाऱ्यात कुणाचा तरी एखादा पत्रा उडतोच आणि तेवढाच बदलला जातो. त्याच वाऱ्यासाठी छपरावर चार दगड आणि एक जुनं टायर ठेवायला विसरू नका.

आता भट्टी. विटा-मातीची, वरून लिंपलेली, तीन फूट बाय अडीच फूट, उंची अडीच फूट. म्हणजे साडेदहा बाय पावणेनऊ, उंचीही पावणेनऊ. सनबोर्डचे तीन तुकडे एकावर एक चिकटवा, कडा गोलसर घासा, वर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली माती बोटाने लिंपा. बोटाचे वळ राहू द्या. लाकडं सारायचं तोंड बाजूला, दीड फूट रुंद, आतून गडद. कढई कशी करायची ते बघा, मला हे काम फार आवडतं. कागदाला भोक पाडायच्या ऑफिसच्या पंचने त्याच पार्सलच्या डब्यातून चकती पाडा. ती पाच-सहा मि.मी. येते, म्हणजे दीड फुटाच्या आसपासची कढई. मऊ खोडरबरावर चकती ठेवून पेनाच्या गोल टोकाने हळूहळू गोल फिरवत दाबा. एकदम जोर दिला तर कडेला चुण्या पडतात, फिरवत दाबलं तर वाटीसारखी उतरते. बाहेरून गडद राखाडी, आत तळाला तपकिरी छटेचं चकचकीत वॉर्निश, ते तेल. ते पूर्ण वाळण्याआधी त्यात भुशाचे चार-पाच पिवळे-नारिंगी रंगवलेले कण टाका. भजी तेलावर तरंगतात, म्हणून कण बुडू देऊ नका.

भट्टीच्या तोंडाशेजारी लाकडांचा ढीग. बाभळीची लाकडं अडीच-तीन फुटांची, म्हणजे नऊ-दहा मि.मी. तुरीच्या शेंड्याकडच्या बारीक वाळक्या फांद्या या मापाला बरोबर येतात. त्याच्या शेजारी पेटवणीसाठी पऱ्हाट्यांची मोळी: जुन्या ब्रशचे तपकिरी केस दोऱ्याने बांधा. भट्टीपुढे राखेचा छोटा ढीग, पायाने इकडेतिकडे पसरलेला. १९८५ मध्ये फाटकावरच्या अशा हॉटेलात गॅस दाखवू नये असं माझं मत आहे. पुढचा काळ घ्यायचा असेल तरच सिलिंडर ठेवा, आणि तो धंद्याचा निळा. लाल सिलिंडर घरगुती.

धूर कसा जातो? भट्टीवरून सरळ वर, पत्र्याच्या आतल्या अंगाला लागून मागे, आणि पडवीचं छप्पर जिथे दगडी भिंतीला टेकतं त्या फटीतून बाहेर. म्हणून पत्र्याची खालची बाजू भट्टीच्या वर सगळ्यात काळपट, मागे जाताना विरळ. फटीच्या वरच्या दगडांवर काजळीचा पंखा. पत्र्याच्या वरच्या बाजूला मात्र भट्टीचा धूर नसतो, तिथे इंजिनाची काजळी आणि धूळ. खरा कोळसा बारीक कुटून मलमलीतून गाळा, मऊ ब्रशने घासा, वरून मॅट वॉर्निशचा हलका फवारा. कढईच्या मागच्या खांबावर मात्र मॅट नको. तिथे तेल उडून चकाकी आलेली असते.

आतल्या भिंतीला खाली चार फूट, म्हणजे १४ मि.मी., हिरवा किंवा निळा ऑइलपेंट आणि वर फिका चुना. दोन्हींच्या मध्ये एक बारीक गडद पट्टी. हा एक पट्टा दिसला की बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. फरशी शहाबादी, दोन बाय दोन फूट, म्हणजे सात मि.मी.चे चौकोन. राखाडी कार्डावर रेघा कोरा, मधल्या जा-ये च्या वाटेवर थोडी फिकट घासा. गल्ल्याच्या वर कडप्प्याची लादी. बाकडी आइसक्रीमच्या काडीतून चिरलेली, तीन मि.मी. रुंद, सतरा-अठरा लांब. पाण्याचं दोनशे लिटरचं पिंप सात मि.मी.च्या आत बसतं, उंची दहा. गोल पेन्सिलीचा तुकडा कापा, दोन ठिकाणी दोरा गुंडाळून कडा उठवा. चहाचे ग्लास हवेच असतील तर मासे पकडायची जाड, पारदर्शक दोरी एक मि.मी. लांब कापा आणि वरच्या टोकाला चहाच्या रंगाचा ठिपका द्या. एका टेबलावर तीन-चार पुरे.

माणसं विकतची युरोपियन असतात, कोट-टोपीतली. बदलता येतात. टोपीची कड कापून वर पांढरा रंग दिला की गांधी टोपी. फेट्याला साधा शिवणाचा दोरा फेव्हिकॉलमध्ये बुडवून डोक्याभोवती तीन-चार वेढे. धोतराला टिश्यू पेपरची एक घडी सुटी करून, पातळ फेव्हिकॉलने पायांभोवती गुंडाळा आणि सुईने चुण्या पाडा. माणसं थोडी ठेवा आणि कामात ठेवा: कढईशी एक, गल्ल्यावर एक, बाकड्यावर दोन, पिंपाशी तोंडावर पाणी मारणारा ट्रकवाला. हात हवेत उंचावून चालणारी माणसं सगळी काढून टाका. थांबलेली आणि बसलेली माणसं स्थिर मॉडेलमध्ये खरी वाटतात.

पाटी आठ फूट बाय दोन फूट, २८ बाय ७ मि.मी. इंकजेटवर छापली तर शिरोरेघ आणि मात्रा एकमेकांत वाहतात, लेसरवर छापून घ्या. अक्षरं पेंटरच्या हातची वाटतील अशी जाड-बारीक निवडा. ‘हॉटेल जय भवानी’ एका ओळीत आणि खाली लहान ‘चहा, भजी, सुशीला’ (सुशीला म्हणजे आपल्याकडचा चुरमुऱ्यांचा नाश्ता) एवढंच. नांदेड-परभणीकडच्या पाटीवर खाली उर्दूची एक ओळ असली तर ती त्या गावाची होते, पण उर्दू वाचणाऱ्याकडून लिहून घ्या, उलटीसुलटी अक्षरं छापू नका. कागदाची मागची बाजू पॉलिश पेपरने घासून पातळ करा, आणि कापल्यावर पांढऱ्या कडा रंगवा. आतला भावफलक वाचता येईल असा करायचा प्रयत्न करू नका. दोन इंची अक्षर इथे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर येतं. काळपट पट्टीवर सुईने ओरखडलेल्या पांढुरक्या ओळी पुरतात.

दिव्यांसाठी बारा व्होल्ट धरा. गल्ल्यावर एक पिवळट एलईडी, मागे एक पांढरा, ट्यूबलाइटसाठी. एलईडी तीन व्होल्ट खातो, उरलेल्या नऊ व्होल्टांना ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला की दोन मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह जातो. कमी वाटेल, पण चाळीस वॉटच्या बल्बचा तो खरा उजेड आहे. एक किलोओहम लावलात तर हॉटेलात फ्लडलाइट लावल्यासारखं होईल. भट्टीच्या तोंडात लालसर एलईडी, त्याला आणखी मोठा रेझिस्टर. सनबोर्डमधून उजेड पाझरतो, म्हणून भिंतींना आतून आधी काळा हात द्या, मग वरचा रंग. दगडी खोलीचं आणि पडवीचं, दोन्ही छप्परं सुटी ठेवा. खोलीत आतून चार कोपऱ्यांना काड्या लावल्या की माळवद झाकणासारखं बसतं. वायर जळायची वेळ येतेच, तेव्हा भिंत फोडावी लागू नये.

बसवताना इमारत जमिनीवर ठेवू नका, जमिनीत रोवा. भिंती तीन मि.मी. जास्त खोल कापा, लेआउटच्या फोममध्ये तेवढी खाच करा आणि माती भिंतीपर्यंत आणा. भिंतीखालची बारीक काळी फट फोटोत लगेच दिसते, आणि बाकी सगळं काम कितीही चांगलं असलं तरी ती मॉडेल असल्याचं सांगते. मोरीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत एक ओघळ, मध्ये ओला चकचकीत, दोन्ही कडांना हिरवा. पावसाळ्यात कार्ड आणि कागद फुगतात, म्हणून जमिनीला लागणाऱ्या प्रत्येक कडेला वॉर्निशचा हात हवाच.

आणि माती परभणीचीच वापरा, ती विकत मिळत नाही. काळी माती आणि मुरूम दोन्ही वेगवेगळे, तव्यावर कोरडे भाजून, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळलेले. पेरण्याआधी एक काम न चुकता करा. माती कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून अगदी जवळून फिरवा. आपली माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. पिशवीला काळी केसाळ दाढी लागेल, ती झटकून पुन्हा फिरवा, काही लागेनासं होईपर्यंत. फाटकाजवळची ही माती रुळांना लागून असणार. ते कण राहिले तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक ते ओढून घेतं, आणि चांगली मोटार काही महिन्यांत घासून बसते.

कच्चा सांगाडा झाला की त्याचा वरून आणि समोरून, असे दोन फोटो पाठवा. भट्टीची जागा त्यावर पेनाने दाखवा, लाकडाची आणि पाण्याची जागाही. चांगला सनबोर्ड कापण्याआधी ते बघून सांगतो.